नेमस्त माणसाचा नकार

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९५२ साली आल्बर्ट लुथुली यांना प्रिटोरियाला बोलावून घेतलं आणि बजावलं, की आफ्रिकन नॅशनल काँग्रेस तरी सोडा, नाहीतर ग्राउटव्हिलचं प्रमुखपद तरी. लुथुलींनी दोन्ही सोडायला नकार दिला. नोव्हेंबरात सरकारने त्यांना पदावरून काढलं आणि डिसेंबरात काँग्रेसने त्यांना अध्यक्ष केलं.

तोवर या माणसात जहाल म्हणावं असं काही नव्हतं. मिशनरी वळणाचं घर, अ‍ॅडम्स कॉलेजात पंधराएक वर्षांची मास्तरकी, आणि १९३६ पासून नाताळमधल्या ग्राउटव्हिलचं लोकांनी निवडून दिलेलं प्रमुखपद. काम बरंचसं आपल्याकडच्या जुन्या पाटलासारखं: तंटे मिटवायचे, गावाचं गाऱ्हाणं वर पोचवायचं आणि सरकारी मानधन घ्यायचं. घरचा ऊस होता, काळ्या ऊसवाल्यांची संघटनाही त्यांनी बांधली. १९३८ साली मद्रासजवळ तांबरमला मिशनरी परिषदेसाठी ते येऊनही गेले होते. पद गेल्यावर त्यांनी पत्रक काढलं. आयुष्यातली तीस वर्षं आपण नेमस्तपणे एक बंद दार ठोठावत राहिलो आणि बदल्यात जाचक कायदे तेवढे वाढत गेले, असा त्याचा आशय होता.

याच नाताळमध्ये १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंडले होते. गिरमिटिया मजुरांवरचा तीन पौंडांचा कर उठवण्याचा शब्द तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांनी दिला, अशी त्यांची समजूत झाली होती. सरकारने तो शब्द मानला नाही, १९१३ चा सत्याग्रह पेटला आणि १९१४ मध्ये कर गेला. नेमस्तांच्या अर्जविनंत्यांना हसणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. विनंती झालेलीच नसती, तर विश्वासघाताचा आरोप सरकारवर कोणी आणि कशाच्या जोरावर करायचा?

जून १९५२ मध्ये अन्यायी कायदे मोडण्याची मोहीम सुरू झाली आणि आठ हजारांवर लोक खुशीने तुरुंगात गेले. नाताळमध्ये ती चालवणं सोपं नव्हतं. जानेवारी १९४९ मध्ये डर्बनला आफ्रिकन आणि हिंदी लोकांत दंगल होऊन १४२ माणसं मेली होती. जखम ताजी असताना डॉ. मॉंटी नायकर यांच्या नाताळ इंडियन काँग्रेसबरोबर एका मांडवात बसायचं, म्हणजे स्वतःच्या लोकांची बोलणी खायची. ती लुथुलींनी खाल्ली. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. गोऱ्यांनाही दार उघडं ठेवण्याचं हे धोरण न पटलेला गट १९५९ मध्ये फुटून निघाला.

त्याच साली बटाट्यांवर बहिष्कार पडला. काळ्यांना सतत जवळ बाळगावा लागणाऱ्या परवान्याच्या, म्हणजे पासाच्या कायद्याखाली पकडलेल्यांना पूर्व ट्रान्सवालच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे राबायला धाडत आणि तिथले हाल बाहेर आले होते. बटाटा तर गरिबाचं रोजचं खाणं, तरीही लोकांनी तो सोडला. वर्षअखेरीस लुथुली, नायकर आणि लिबरल पक्षाचे पीटर ब्राउन यांनी ब्रिटिश जनतेलाच आवाहन केलं, की आमच्या देशाचा माल घेऊ नका.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ जण ठार झाले. लुथुलींनी प्रिटोरियात आपला पास जाळला. ८ एप्रिलला काँग्रेसवर बंदी आली.

मग तो प्रश्न आला, ज्यावर अहिंसावाद्यांची खरी परीक्षा होते. १९६१ च्या मध्यात मंडेला शस्त्रांचा प्रस्ताव घेऊन आले. काँग्रेसच्या कार्यकारिणीने तो बऱ्याच घासाघिशीनंतर मान्य केला. पण पुढच्या रात्री हिंदी आणि इतर मित्रसंघटनांबरोबर बैठक भरली, तेव्हा लुथुलींनी सगळ्यांना विषयाचा नव्याने विचार करायला सांगितलं. मंडेलांच्या घशाशी आलं असणार! अहिंसा हरलेली नाही, आपणच तिला कमी पडलो, असं हिंदी संघटनेचे जे. एन. सिंग म्हणाले. वाद पहाटेपर्यंत चालला. तोडगा निघाला तो असा, की काँग्रेस अहिंसकच राहील, लष्करी संघटना वेगळी असेल आणि ती घातपात करेल, पण माणसं मारणार नाही. ही शेवटची अट टिकली, त्यात लुथुलींच्या आडमुठेपणाचा वाटा मला मोठा वाटतो. ते निव्वळ शांतिवादी मात्र नव्हते. मला शांतिवादी समजणाऱ्याने माझ्या कोंबड्या पळवून बघाव्यात, ही त्यांची कोटी प्रसिद्ध आहे.

१० डिसेंबर १९६१ ला ऑस्लोत त्यांनी १९६० चं शांततेचं नोबेल घेतलं. सरकारने जेमतेम दहा दिवसांची परवानगी दिली होती, आणि एका मंत्र्याने ते पारितोषिकाला पात्र नसल्याचंही सांगून टाकलं. १६ डिसेंबरला नव्या संघटनेचे पहिले स्फोट झाले. या लढ्याला त्यांची संमती नेमकी किती होती, यावर इतिहासकार अजून भांडताहेत. १९६४ मध्ये मंडेला आणि सहकाऱ्यांना जन्मठेप झाली, तेव्हा लुथुलींनी निवेदन काढलं: काँग्रेसने अहिंसक लढ्याचा मार्ग कधीच सोडला नव्हता, पण या शूर, न्यायी माणसांनी हिंसेचा मार्ग धरला म्हणून त्यांना दोष देता येणार नाही.

शेवटची वर्षं त्यांना ग्राउटव्हिलच्या परिसरातच डांबून ठेवलं होतं. त्यांचं बोलणं देशात छापायला बंदी होती, त्यामुळे १९६६ मध्ये रॉबर्ट केनेडी हेलिकॉप्टरने त्यांना भेटायला उतरले तरी वाचकांना लुथुली काय म्हणाले ते कळणं शक्य नव्हतं. २१ जुलै १९६७ ला घराजवळच्या रेल्वेपुलावर मालगाडीने त्यांना धडक दिली, असं चौकशीत नोंदलं गेलं आणि फाइल बंद झाली. कुटुंबाने ते कधीच मानलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला: मृत्यू गाडीच्या धडकेने नव्हे, मारहाणीने झाला होता.