होम प्लेटवर टक्कर झाली, तर चूक कोणाची? समजून घ्या बेसबॉलचा नियम

२५ मे २०११. मेजर लीग बेसबॉलच्या सामन्यात १२वी इनिंग सुरू होती. धाव पूर्ण करण्यासाठी निघालेला फ्लोरिडा मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स होम प्लेटजवळ सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर बस्टर पोझीवर जाऊन आदळला. पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. धाव मात्र ग्राह्य धरली गेली, कारण तेव्हा अशी टक्कर नियमात बसत होती.

या घटनेनंतर नियम बदलण्याची मागणी वाढली आणि २०१४च्या हंगामापासून नवा नियम आला. आता तो नियम क्रमांक ६.०१(आय) आहे.

धावपटूने काय करू नये?
कॅचरला धडकण्यासाठी प्लेटकडे जाणारा सरळ मार्ग सोडायचा नाही. खांदा खाली करून घुसणं, हातांनी किंवा कोपराने ढकलणं, प्लेटला स्पर्श करण्याचा प्रयत्नच न करणं, या गोष्टी अंपायर पाहतात. दोषी ठरल्यास कॅचरच्या हातून चेंडू सुटला तरी धावपटू बाद. नीट स्लाइड केलं असेल, तर दोष लागत नाही.

कॅचरने काय करू नये?
हातात चेंडू नसताना धावपटूची वाट अडवायची नाही. अडवली, तर धावपटू सेफ. मात्र येणारा थ्रो पकडण्यासाठीच त्याला वाटेत यावं लागलं असेल, तर सूट मिळते.

वाद कुठे झाला?
जुलै २०१४मध्ये सिनसिनाटी रेड्सचा झॅक कोझार्ट प्लेटच्या बराच आधी बाद झाला होता. तरीही मार्लिन्सच्या कॅचरने वाट अडवल्याचं रिप्लेत ठरलं आणि त्याला सेफ देण्यात आलं. त्यावर टीका झाली. सप्टेंबरमध्ये खुलासा आला: वाट अडवली नसती तरी धावपटू बादच झाला असता, असं अंपायरला वाटलं, तर कॅचर दोषी नाही.

म्हणजे रिप्ले असला, तरी शेवटी प्रश्न अंपायरच्या अंदाजावरच येतो. पण कॅचरला मुद्दाम आडवं पाडून धाव मिळवण्याचा मार्ग बंद झाला आहे. पोझी २०१२मध्ये परतला आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा दुखापतीनंतर प्रत्येकाला तशी संधी मिळेलच असं नाही.