जुनाट पडसे व डोकेदुखी : शेतकामात घ्यावयाची काळजी

मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारपट्टीच्या तालुक्यांत नाक चोंदणे, पातळ पाणी गळणे व कपाळ जड होणे अशी तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढणारे शेतकरी आढळतात. 'मला सायनस आहे' एवढे म्हणून ते कामाला लागतात. या दुखण्याने माणूस दगावत नाही हे खरे. परंतु झोप मोडते, कामाचा उरक कमी होतो आणि औषधांवर विनाकारण पैसा खर्च होतो. शिवाय प्रत्येक डोकेदुखीला सायनस हे एकच नाव दिल्यामुळे एखादा गंभीर आजार झाकला जाण्याचा संभव असतो.

रोगाचे स्वरूप

जुनाट पडसे दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात धूळ, परागकण, बुरशी यांसारख्या एखाद्या पदार्थाचे शरीराला वावडे असते. त्यात शिंका फार येतात व नाक-डोळ्यांना खाज सुटते. दुसऱ्या प्रकारात असे कोणतेही वावडे नसते. तपासणी केली तरी ते सापडत नाही. नाकाच्या आतील ओलसर अस्तर मात्र अतिशय हळवे झालेले असते. धूर, उग्र वास, धूळ, हवेतील गारव्यात किंवा दमटपणात एकाएकी झालेला फरक, तिखट जेवण, मद्य, क्वचित रक्तदाबावरील एखादे औषध, एवढ्याने त्यातील रक्तवाहिन्या फुगतात आणि नाक चोंदते अथवा वाहू लागते. हा प्रकार बहुधा प्रौढपणी सुरू होतो. तो समूळ बरा होईलच असे नाही. परंतु चेतविणारे कारण ओळखून दूर ठेवल्यास त्याचा त्रास पुष्कळच कमी होतो.

शेतकामातील कारणे व उपाय

चैत्र-वैशाखात तरवा पेरण्याची जागा कवळ, पातेरा व शेण घालून भाजण्याची रीत कोकणात जुनी आहे. भाजल्याने तणाचे बी मरते, हा तिचा गुण होय. परंतु तो धूर हळव्या नाकाला बाधतो आणि कवळासाठी झाडांची तोडही होते. गादीवाफे करून चांगले कुजलेले शेणखत घातल्यास न भाजताही जोमदार रोप मिळते. मात्र वेळेवर बेणणी करावी लागते. ज्या घरात असा रोगी आहे, तेथे निदान एका वाफ्यावर तरी ही पद्धत करून पाहावी.

काजूच्या टरफलातील तेल दाहक असते व त्याचा धूर नाक-डोळ्यांना झोंबतो. म्हणून बी उघड्यावर, घरापासून दूर आणि वारा घराकडे येणार नाही अशा जागी भाजावी. टरफले स्वयंपाकाच्या चुलीत जळणासाठी घालू नयेत. चुलीचा धूर बाहेर जाण्यास धुराडे असावे. शक्य तेथे गॅस वापरावा. चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांना याचा लाभ सर्वांत अधिक होतो.

मळणीच्या व भात वारवण्याच्या वेळी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे तूस व धूळ पुढे उडून जाते. नाकावर नुसता पंचा गुंडाळल्याने बारीक धूळ अडत नाही. धूळरोधक मुखपट्टी वापरावी. काम संपताच तोंड धुवून कपडे बदलावेत.

घरगुती उपचार

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा स्वस्त व उपयुक्त उपाय आहे. अर्धा लिटर पाणी खळखळ उकळून झाकून कोमट होऊ द्यावे व त्यात एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, मीठ घालावे. विहिरीचे, पाटाचे किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात कदापि घालू नये. अशा पाण्यातील एक सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. केरळात २०२४ व २०२५ साली अमीबाच्या मेंदूज्वराने माणसे दगावली आहेत.

नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा अधिक घालू नयेत. तसे केल्यास थेंबांचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते व त्यांची सवय जडते. या प्रकारच्या पडशावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. नाकात मारावयाचे नेमाचे फवारे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत.

प्रत्येक डोकेदुखी सायनसची नव्हे

नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांना सूज येऊन डोके दुखते तेव्हा घट्ट पिवळा किंवा हिरवट शेंबूड येतो, वास कमी कळतो आणि वाकल्यावर गाल-कपाळ जड होते. डोके ठणकत असेल, मळमळत असेल व उजेड सहन होत नसेल, तर ती बहुधा अर्धशिशी होय. तीतही नाक चोंदते, म्हणून फसगत होते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे समजणाऱ्या २,९९१ लोकांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. अर्धशिशीवरील औषधे वेगळी असतात.

पुढील तीन प्रसंगी मात्र घरी थांबू नये :

१. लावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप, जोराची डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे व डोळे लाल होणे. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो.

२. आंबा-काजूवर कीटकनाशक फवारल्यावर डोके दुखून नाक गळणे, लाळ सुटणे, घाम येणे, मळमळणे किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे. ही विषबाधेची लक्षणे होत. रोग्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसह त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

३. जानेवारी ते मे या काळात रानात किंवा काजूबागेत वावरल्यावर एकाएकी ताप व तीव्र डोकेदुखी. गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आढळून आला होता.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तीन लक्षणे लावणी, फवारणी व काजूवेचणीच्या अगोदर प्रत्येक वाडीत समजावून सांगावीत. अशा रोग्यास नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ओरोस येथील जिल्हा रुग्णालयात पोचविण्यास मदत करावी आणि तो कोणते काम करीत होता हे डॉक्टरांस न विसरता सांगावे. त्यावरून निदान लवकर होते. जुनाट पडशाच्या रोग्याने आपला त्रास कोणत्या कामानंतर वाढतो याची महिनाभर नोंद ठेवावी. काय टाळावयाचे ते त्यास त्या नोंदीवरून कळून येईल.