आजोबांची येझदी 'कॅफे रेसर' करायचीय? ग्राइंडर हातात घेण्याआधी एवढं वाचा

रीलचा फॉरमॅट एव्हाना तुम्हालाही पाठ झाला असेल. सुरुवातीला गोठ्याच्या कडेला कडब्याखाली पडलेली गंजकी गाडी. मग ग्राइंडरच्या ठिणग्या. मग एकदम काळी कुळकुळीत टाकी, चपटी सीट, गोल हेडलाइट आणि मागे पळणारा रस्ता. तीस सेकंदांत विषय संपला. खाली कमेंट ठरलेली, 'भावा, खर्च किती आला?'

सांगली-साताऱ्याकडे हे रील जरा जास्तच चालतं, कारण आपल्याकडे कच्चा माल घरोघरी पडून आहे. तासगाव, विटा, पलूस, कराड, कुठंही जा. कुणाच्या शेडमध्ये आजोबांची राजदूत असते, कुणाच्या परड्यात चुलत्यांची येझदी. आरएक्स १०० असेल तर ती मात्र शेडमध्ये नसते, ती कुलूप लावून घरात असते.

आमच्या गोतावळ्यात अशा दोन गाड्या. आजोबांची राजदूत आमच्याकडे आणि मामाची येझदी आजोळी. लॉकडाऊनमध्ये मामेभावाने रील बघून येझदीची मागची चेसिस कापली, मडगार्ड भंगारात घातलं आणि सीट ठोकली. गाडी दिसायला एक नंबर झाली. नंतर रजिस्ट्रेशनची मुदत वाढवायला पासिंगला नेली, तर कागदावरची गाडी आणि समोरची गाडी जुळेना. तेव्हापासून ती परत परड्यात आहे. यावेळी ताडपत्रीखाली, एवढाच फरक. मामा त्यावर काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

हा लेख त्यामुळे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

जुनी गाडी 'करणं' यात दोन वेगळी कामं आहेत. एक रिस्टोरेशन, म्हणजे गाडी शोरूममधून निघाली तशी परत उभी करणं. दुसरं कस्टम, म्हणजे तिला आपल्या मनासारखा आकार देणं. कॅफे रेसर हा प्रकार १९५०-६० च्या दशकातल्या इंग्लंडमधला. लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी पोरं वेगासाठी गाडीवरचं जादा वजन उतरवायची, हँडल खाली घ्यायची, सीट मागे सरकवायची. आज आपण जे करतो त्यात वेग कमी आणि फोटो जास्त, पण असो, हौसेला मोल नसतं.

तिसरा शब्द 'व्हिंटेज'. हा आपण कुठल्याही जुन्या गाडीला लावतो, पण कायद्यात त्याला ठरलेला अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

आता हिशोब करा. आरएक्स १०० भारतात आली १९८५ मध्ये. म्हणजे पहिल्या लॉटची गाडीसुद्धा २०३५ च्या आधी कायद्याने व्हिंटेज होत नाही. आणि एखाद्याकडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जावा असेल आणि त्याने तिची चेसिस कापली, तर ती व्हिंटेजमधूनही बाद. म्हणून पन्नाशीच्या आसपासची गाडी असेल तर कस्टमचा विचार सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. कापायला दुसऱ्या गाड्या भरपूर आहेत.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते का?

नाही. ही भीती दिल्लीच्या बातम्यांनी पसरवली. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. त्यासाठी पर्यावरण कर भरावा लागतो आणि विमा, पीयूसी चालू लागतं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटरसायकलची नूतनीकरण फी २,००० रुपये झाली आहे. मुदत संपून वर्षं गेली असतील तर उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबाने चढतो, त्यामुळे गाडीच्या किमतीपेक्षा कागदाचं बिल मोठं होऊ शकतं. नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा खर्चही धरा.

खरी अडचण नावाची असते. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा दहा वर्षांपूर्वी गेले आणि आरसी बुक कुठल्या ट्रंकेत आहे ते आजीलाच माहिती. नियमाप्रमाणे मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाने गाडी नावावर करून घ्यायची. हे कुणीच करत नाही. उशिरा केलं तरी होतं, फक्त मृत्यू दाखला, वारसाची कागदं आणि बाकीच्या वारसांच्या सह्या गोळा करायची तयारी ठेवा. चुलत्यांशी बोलणं बंद असेल तर हे काम इंजिनापेक्षा अवघड आहे. विकत घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. 'कागद नाहीत, पण स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

चेसिस नंबरवरची धूळ पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला छाप आरसीशी अक्षर न अक्षर ताडून बघा. इंजिन नंबरचंही तेच.

सांगलीत गाडी घेताना विचारायचा एक प्रश्न

गाडी पुरात होती का?

२००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभाग, सांगलवाडीपासून भिलवडीपर्यंत माणसं कशीबशी बाहेर पडली, गाड्या तिथंच राहिल्या. ज्या चालू होत्या त्या दुरुस्त झाल्या. ज्या आधीच बंद होत्या त्या तशाच सुकल्या, आणि आज त्याच 'बार्न फाइंड' म्हणून विकायला येतात.

पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो. तो क्रँकच्या बेअरिंगमध्ये बसतो. गिअर ऑइल काढून बघा, दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. हेडलाइटची वाटी उघडा, आत मातीची बारीक रेघ दिसली तर पाणी कुठपर्यंत आलं होतं ते कळतं. टाकीत बॅटरी मारून बघा. अशी गाडी घेऊच नये असं नाही, पण मग ती इंजिन पूर्ण उघडायचं धरूनच घ्यावी, आणि भावही तसाच करावा.

पहिली गाडी कुठली?

टू-स्ट्रोक शिकायला सोपी. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, हलणारे भाग कमी. राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली, एस्कॉर्ट्सने बनवलेली, तीन गिअरची दणकट गाडी. दूधवाल्यांनी आणि ग्रामसेवकांनी ती कशी वापरली ते बघितलं की तिच्या तब्येतीची शंका राहत नाही. 'बॉबी' मधली छोटी राजदूत वेगळी, ती सापडली तर कृपया कापू नका.

येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाची. कारखाना १९९६ ला बंद झाला. एका सिलेंडरला दोन सायलेन्सर, आणि एकच दांडा किकलाही अन् गिअरलाही, या तिच्या गमती. नवी येझदी बाजारात आहे म्हणून जुनीचे पार्ट तिथं मिळतील असं समजू नका, ते इंजिनच वेगळं आहे. आरएक्स १०० ही ९८ सीसीची, साधारण ११ हॉर्सपॉवरची हलकी गाडी. तिचे भाव आता इतके चढलेत की त्यावर हात शिकणं परवडत नाही, आणि तिच्या नावाखाली जुळवाजुळव केलेल्या गाड्या खूप फिरतात.

साताऱ्याच्या वाचकांसाठी एक. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर बनायची. मोटरसायकल नाही, पण पहिला प्रोजेक्ट म्हणून आपल्याच गावची गाडी उभी करण्यात वेगळी मजा आहे.

कामाचा क्रम, इथंच बहुतेक जण फसतात

रीलमध्ये आधी रंग दिसतो. प्रत्यक्षात आधी गाडी चालू करायची, आहे त्या रूपात. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटरची सफाई, नवीन केबल, ब्रेक लायनर, टायर-ट्यूब. जुने टायर नक्षी शाबूत असली तरी बदला, रबर कडक झालेलं असतं.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील विसरू नका. गाडी वर्षानुवर्षं बंद राहिली की ते सुकतात आणि तिथून हवा ओढली जाते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी. इंजिन तापतं आणि विट्याच्या रस्त्यावर कुठंतरी पिस्टन जाम होतो, मागचं चाक अडकतं. सील स्वस्त असतात, पण ते बदलायला इंजिन उघडावं लागतं, म्हणून मेस्तरी 'नंतर बघू' म्हणतो. तेव्हा ऐकू नका. बोअर मारायला सिलेंडर लेथवाल्याकडे नेताना नवा पिस्टन सोबत न्या, माप त्यावरून घेतात.

पेट्रोलचीही एक गंमत आहे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं आणि त्यातलं बरंचसं आपल्याच भागातल्या उसाचं. आजोबांनी ऊस घातला, त्याचं इथेनॉल झालं आणि तेच आता आजोबांच्या गाडीचे रबरी पार्ट खातंय. इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची पॅकिंग नव्या पेट्रोलला टिकणारी घाला, आणि महिनोन्महिने गाडी उभी करायची असेल तर टाकी रिकामी करा.

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठी. हे न केल्यामुळे माझ्याकडे राजदूतचे अकरा बोल्ट आहेत, जे कुठले ते आजही माहीत नाही.

एवढं झालं की गाडी निदान ५०० किलोमीटर चालवा. मग कळतं की हँडल खाली घेतलं तर तासगावपर्यंत जाताना पाठीचं काय होईल.

मग कस्टम करायचंच नाही का?

करा की. पण कायदा कुठं उभा आहे ते बघून करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले आणि दुचाकीचे पार्ट जोडून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. तुम्हा-आम्हाला चेसिस कापल्याबद्दल कुणी बोलेरो देणार नाही.

त्यामुळे पहिल्या गाडीला माझा नियम साधा, पान्याने निघेल आणि पान्याने परत बसेल तेवढंच बदलायचं. सीट, आरसे, ग्रिप, कंपनीच्या मापाजवळचं हँडल. मूळ सीट आणि मडगार्ड पोत्यात बांधून माळ्यावर. रंग बदलणार असाल तर आरटीओत नोंद करून घ्या. चेसिसला पावडर कोटिंग करताना नंबरावर टेप लावायला सांगा, नाहीतर नंबर कोटिंगखाली बुजतो आणि पासिंगला तुम्ही चोर ठरता. सायलेन्सरच्या नादी लागू नका, पोलिसांनी रोडरोलर फिरवलेले सायलेन्सर तुम्हीही पाहिलेत. इंडिकेटर, मागचा दिवा, नंबर प्लेट काढून 'क्लीन लूक' करणं म्हणजे रात्री शिरोळ फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरपुढं अदृश्य होणं.

आणि 'खर्च किती'? आकडा सांगत नाही, कारण इंजिन उघडल्याशिवाय तो कुणालाच माहीत नसतो. एवढं नक्की की लोक इंजिनाला घाबरतात आणि खिसा रिकामा करतं क्रोम अन् पेंट.

आमची राजदूत सध्या चालू आहे. रंग अजून आजोबांच्या वेळचाच, टाकीवर पोचा तसाच. फॉर्म ३१ वर एका चुलत्यांची सही व्हायची आहे, ते दिवाळीला येणार आहेत. तोवर ती अंगणातच चालते, गेटपासून गोठ्यापर्यंत आणि परत. मामेभाऊ परवा येऊन बघून गेला. जाताना विचारत होता, येझदीचं मागचं मडगार्ड कुठं मिळेल.