युरोपातील सर्वांत जुनी विद्यापीठे : स्थापनेचे वर्ष ठरते कसे?

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या मुद्रेवर १०८८ हे वर्ष आहे आणि युरोपातील सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून त्याचाच उल्लेख होतो. मात्र, त्या वर्षी बोलोन्यात कोणी विद्यापीठ स्थापन केल्याचा दस्तऐवज नाही. हे वर्ष एकोणिसाव्या शतकात एका समितीने निश्चित केले. कवी व प्राध्यापक जोसुए कार्दुच्ची हे तिचे प्रमुख होते. त्यानुसार १८८८ मध्ये आठशेव्या वर्धापनाचा सोहळा थाटात पार पडला. एकीकृत इटलीचे राज्य तेव्हा तीस वर्षांचेही नव्हते, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये कायद्याने अस्तित्वात आली. त्यांच्या जन्मवर्षाबाबत वाद संभवत नाही. मध्ययुगीन युरोपात अशी सोय नव्हती. ‘उनिव्हर्सितास’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ संघ किंवा समुदाय. कारागिरांच्या श्रेणी असत, तसा हा विद्या शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्यांचा संघ. बोलोन्यात तो विद्यार्थ्यांचा होता. अध्यापकांचे मानधन विद्यार्थी देत, व्याख्यान उशिरा सुरू करणाऱ्यास दंड करत आणि शहराबाहेर जायचे झाल्यास अध्यापकाला त्यांचीच अनुमती घ्यावी लागे. पॅरिसमध्ये याउलट संघ अध्यापकांचा होता. नालंदा बोलोन्याहून कित्येक शतके जुने असूनही ‘जगातील सर्वांत जुने विद्यापीठ’ हे बिरुद बोलोन्याला दिले जाते, ते याच व्याख्येच्या बळावर: स्वायत्त संघ, पदवीदानाचा अधिकार आणि अखंड परंपरा.

संघ माणसांचा असल्याने माणसे निघाली की विद्यापीठही निघे. ऑक्सफर्डला स्थापनेचे निश्चित वर्ष नाही. तेथे १०९६ पासून कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अध्यापन होत होते. ११६७ मध्ये राजा दुसरा हेन्री याने इंग्रज विद्यार्थ्यांना पॅरिसला जाण्यास मनाई केल्यानंतर त्याची झपाट्याने वाढ झाली. शहरवासीयांशी झालेल्या रक्तरंजित संघर्षामुळे १२०९ मध्ये ऑक्सफर्ड सोडलेल्या विद्वानांतून केंब्रिज उभे राहिले. बोलोन्यातून बाहेर पडलेल्यांनी १२२२ मध्ये पादुआ येथे बस्तान बसवले. प्रागमध्ये १४०९ साली मतांचे पारडे चेक गटाकडे झुकवणारा राजादेश निघताच जर्मन अध्यापक व विद्यार्थी बाहेर पडले आणि त्याच वर्षी लाइपझिग विद्यापीठ जन्माला आले.

राजांनी सनद देऊन स्थापन केलेल्या विद्यापीठांचे वर्ष सांगणे तुलनेने सोपे. स्पेनमधील सालामान्का १२१८, चेक प्रजासत्ताकातील प्राग १३४८, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना १३६५. पण येथेही अडचणी आहेतच. पोर्तुगालचे कोइंब्रा विद्यापीठ १२९० मध्ये स्थापन झाले ते लिस्बनमध्ये. त्यानंतर ते दोन शहरांत ये-जा करत राहिले आणि १५३७ मध्ये कोइंब्रात कायमचे स्थिरावले. जर्मनीत हायडेलबर्गला (१३८६) सर्वांत जुने मानतात. एरफुर्टला मात्र १३७९ मध्येच सनद मिळाली होती. तेथील अध्यापन १३९२ मध्ये सुरू झाले, १८१६ मध्ये विद्यापीठ बंद पडले आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९४ मध्ये, त्याची पुन्हा स्थापना झाली. मधली पावणेदोनशे वर्षे मोजायची की वगळायची, यावर एरफुर्टचा दावा अवलंबून आहे.

बेल्जियममधील लुव्हेनचे उदाहरण त्याहून विलक्षण आहे. १४२५ मध्ये पोपच्या सनदेने स्थापन झालेले हे विद्यापीठ फ्रेंच राजवटीत १७९७ मध्ये बंद करण्यात आले आणि पुढे १८३० च्या दशकात कॅथलिक विद्यापीठ म्हणून पुन्हा उभे राहिले. १९६८ च्या भाषावादानंतर त्याचे डच व फ्रेंच भाषकांत विभाजन झाले. फ्रेंच विभागासाठी नवे शहरच वसवण्यात आले. ग्रंथालयाचीही वाटणी झाली. दोन्ही विद्यापीठांनी २०२५ मध्ये सहाशेवे वर्ष साजरे केले.

पोलंडमधील क्राकोव्ह विद्यापीठ (१३६४) संस्थापक राजा कासिमिर याच्या १३७० मधील मृत्यूनंतर जवळपास विस्मृतीत गेले होते. राणी याद्विगा हिने मृत्युपत्राद्वारे दिलेल्या दागिन्यांमुळे १४०० मध्ये ते नव्याने उभे राहिले. त्यानंतर शतकभराच्या आत कोपर्निकस येथेच शिकला. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी अधिकाऱ्यांनी व्याख्यानाच्या निमित्ताने प्राध्यापकांना सभागृहात बोलावले आणि १८० हून अधिक जणांना अटक केली. त्यांतील बहुतेकांची रवानगी झाक्सनहाउझेन छळछावणीत झाली. काही तेथून परतले नाहीत. विद्यापीठ बंद झाले, इमारती ताब्यात गेल्या. तरीही उरलेले अध्यापक खासगी घरांत गुप्तपणे वर्ग घेत राहिले. या वर्गांत शिकलेल्यांपैकी एक, कारोल वोइतिवा, १९७८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे झाले. विद्यापीठाच्या वयात युद्धाची ती वर्षेही धरली जातात.