शाळेचा लॅपटॉप : हार्ड डिस्क बदलावी काय?

शाळेतील लॅपटॉप चार-पाच वर्षांचा झाला म्हणजे तो मंद चालतो, अशी तक्रार पुष्कळ शिक्षक करतात. कळ दाबल्यावर काम सुरू होण्यास कित्येक मिनिटे जातात आणि तोवर मुलांचे चित्त पाठावरून उडते. अशा वेळी हार्ड डिस्क बदलण्याचा सल्ला दिला जातो. तो बहुधा योग्य असतो. परंतु नेहमीच नव्हे. शाळेचा पैसा तुटपुंजा असल्याने आधी मंदपणाचे कारण शोधावे, हे उचित होय.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या फिरत असतात. लॅपटॉपमधील चकती सामान्यतः मिनिटास ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकाग्राखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय वाचकाग्र सरकण्याचा वेळ निराळाच. म्हणून विखुरलेली माहिती तिला सेकंदात शंभर वेळाही वाचता येत नाही. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे हेच काम सेकंदात हजारो वेळा होते. लॅपटॉप सुरू होताना असंख्य लहान फायली वाचाव्या लागतात; फरक दिसतो तो तेथेच.

निर्णयापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. काम अडले असता ‘डिस्क’ शंभर टक्क्यांजवळ आणि ‘मेमरी’ बरीच मोकळी दिसल्यास दोष बहुधा हार्ड डिस्कचा. मेमरीच भरलेली असल्यास प्रथम रॅम वाढविण्याचा विचार करावा. कारण रॅम अपुरी पडली की तिचा भार डिस्कवर येतो.

२. केवळ संकेतस्थळेच सावकाश उघडत असतील, तर दोष बहुधा इंटरनेट-जोडणीचा असतो. तेथे डिस्क बदलणे व्यर्थ होय.

३. आत आधीच एसएसडी असल्यास विशेष लाभ होणार नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणीचा भाग मुख्य पट्टावरच जोडलेला असतो. तो बदलता येत नाही. अन्यत्र २.५ इंची साटा की एम.२, हे पाहूनच खरेदी करावी.

४. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप पुढील आवृत्तीस पात्र नसल्यास, त्यावर खर्च करण्यापूर्वी तो आणखी किती वर्षे व कोणत्या कामास वापरावयाचा, हे ठरवावे.

डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागल्यास वेगाचा प्रश्न बाजूस ठेवून त्याच दिवशी माहितीची प्रत काढावी. एरव्हीही बदलापूर्वी निकालपत्रके व नोंदी दोन ठिकाणी उतरवून, त्या दुसऱ्या यंत्रावर उघडतात की नाही, हे पाहावे. प्रत घेतली असे मानणे आणि ती उघडून पाहणे, यांत मोठे अंतर आहे.

शेवटी, काढलेली हार्ड डिस्क दुकानातच सोडून येऊ नये. तीत मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांची माहिती असते आणि फायली नुसत्या पुसल्याने ती नाहीशी होत नाही. ती डिस्क परत आणून जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंदवावी व कुलुपात ठेवावी. लॅपटॉप नवा घेता येईल. परंतु मुलांच्या हरवलेल्या नोंदी पुन्हा जुळविणे फार कठीण असते.