केबिनमधली वीज आणि डब्यावरचा आकडा

कळंबोलीच्या स्टील मार्केटला किंवा न्हावा-शेव्याच्या रांगेत गाडी अडकली की ड्रायव्हरचा मुक्काम केबिनमध्येच पडतो. मोबाईल चार्ज करायचा असतो, पंखा हवा असतो, जमले तर भातही तिथेच शिजवायचा असतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा इन्व्हर्टर त्यासाठीच घेतला जातो. वस्तू खरोखर उपयोगी आहे, पण तिच्याबद्दलच्या चुकीच्या समजुतींमुळे बॅटऱ्या उतरतात आणि कधी वायरिंगही जळते.

सगळ्यात मोठी समजूत डब्यावरच्या आकड्याची. ५०० वॅट छापले आहे म्हणजे ५०० वॅटचे काहीही चालेल, असे गृहीत धरले जाते. पण गिरणी धान्य पिकवत नाही, आणलेले दळून देते. इन्व्हर्टरही वीज तयार करत नाही. बॅटरीतली १२ किंवा २४ व्होल्टची डीसी वीज तो घरच्यासारखी २३० व्होल्टची एसी करून देतो आणि त्यात साधारण दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे फक्त १२० वॅट, २४ व्होल्टला २४०. त्यापुढचे काम त्या सॉकेटचे नाहीच, मग इन्व्हर्टर कितीही मोठा असो.

फ्यूज उडाला की मोठा फ्यूज टाकायचा किंवा तांब्याची तार गुंडाळायची, हा उपाय सर्रास केला जातो. तो थेट आगीला आमंत्रण देणारा आहे. फ्यूज तिथे वायर वाचवण्यासाठी असतो. तो निकामी केला की डॅशबोर्डच्या आत, डोळ्यांआड, वायर तापून तिचे आवरण वितळू लागते. जास्त वीज हवी असेल तर इन्व्हर्टरला बॅटरीपासून वेगळी, जाड आणि शक्य तितकी आखूड केबल द्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा.

मोठ्या ट्रकमध्ये आणखी एक घोटाळा होतो. तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. १२ व्होल्टचा इन्व्हर्टर हाताशी असला की तो एकाच बॅटरीला जोडला जातो. चालतोही. पण एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी भरलेलीच राहते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून चार्ज करतो. त्यामुळे एक कायम अर्धपोटी आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. काही महिन्यांत जोडी बिघडते आणि दोष बॅटरी बनवणाऱ्याला दिला जातो. २४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्यावा, नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा. छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये हा प्रश्न येत नाही, ती वाहने १२ व्होल्टचीच असतात.

चहाच्या केटलीचे गणित वेगळे आहे. अर्धा लिटर पाणी उकळायला वीज फार लागत नाही, पण घरची १५०० वॅटची केटली ती दोन-तीन मिनिटांत ओढते. २४ व्होल्टवर हा प्रवाह, होणारी घट धरून, ७० अँपिअरच्या आसपास जातो. इंडक्शन शेगडीचेही तेच. १२०-१५० वॅटची २४ व्होल्टची केटली अर्धा तास घेईल, पण गाडीला झेपेल.

इन्व्हर्टर बॅटरी संपण्याआधी आपोआप बंद होतो, मग काळजी कशाला, असेही म्हटले जाते. बहुतेक इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीवर साडेदहाच्या आसपास बंद होतात. एवढी उतरलेली बॅटरी इंजिनचा सेल मारू शकेलच असे नाही. ट्रकची बॅटरी क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते; ती पुन्हा पुन्हा पार उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

आणि बॅटरीवरची वीज म्हणून झटका सौम्य बसेल, ही समजूत तर जिवावर बेतणारी आहे. बाहेर येणारे २३० व्होल्ट घरच्याइतकेच घातक असतात. ओले हात, सोललेली वायर आणि गादीखाली दडपलेला इन्व्हर्टर केबिनमध्ये नकोच.

मुळात मोबाईल आणि पंख्यासाठी इन्व्हर्टरची गरजच नाही. यूएसबी चार्जर थेट डीसीवर चालतो. २४ व्होल्टचा २० वॅटचा पंखा आठ तासांत १६० वॅट-तास घेतो. १२० अँपिअर-तासांच्या दोन चांगल्या बॅटऱ्यांच्या जोडीत २,८८० वॅट-तास असतात. म्हणजे रात्रभर वारा घेऊनही सकाळी गाडी सुरू व्हायला हरकत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. निर्णय चांगलाच आहे, पण इंजिनावर चालणारा एसी इंजिन बंद होताच थांबतो आणि रांगेतली रात्र तशीच उकाड्याची राहते. मालकांनी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीच २४ व्होल्टचा पंखा, यूएसबी पॉइंट आणि फ्यूज असलेली स्वतंत्र लाइन जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावी. ट्रकच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि तो ड्रायव्हरच्या खिशातून होता कामा नये.