विश्लेषण : दोन युद्धे, दोन महावीर चक्रे… जनरल वैद्य यांची कामगिरी काय होती?

पेण, रोह्याचा शेजारी असलेल्या अलिबागमध्ये २७ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य पुढे लष्करप्रमुख झाले. महावीर चक्र दोनदा मिळवणारे अवघे सहा जण आहेत; त्यांतील ते एक.

सेवेची सुरुवात कशी?

जानेवारी १९४५ मध्ये, दुसरे महायुद्ध संपत आले असताना ते रणगाडा दलात अधिकारी झाले. डेक्कन हॉर्स ही त्यांची रेजिमेंट.

१९६५ मध्ये काय घडले?

खेमकरण क्षेत्रात पाकिस्तानने आधुनिक पॅटन रणगाडे उतरवले. लेफ्टनंट कर्नल वैद्य यांच्या डेक्कन हॉर्सकडे महायुद्धकाळातील शर्मन होते. भारतीय रणगाडे उसाच्या आडोशाने दबा धरून बसले, पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रुतले. असल उत्तरच्या या लढाईत पाकिस्तानची चढाई मोडली.

दुसरे चक्र कशासाठी?

१९७१ मध्ये ब्रिगेडियर वैद्य शकरगढ भागात १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते. भूसुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून रणगाडे पुढे नेताना ते स्वतः आघाडीवर राहिले. बसंतरच्या लढाईत हुतात्मा झालेले परमवीर चक्र विजेते अरुण खेतरपाल याच ब्रिगेडमधले.

अखेर कशी झाली?

१९८३ ते १९८६ ते लष्करप्रमुख होते. सुवर्ण मंदिरातील १९८४ ची ‘ब्लू स्टार’ कारवाई त्यांच्याच कार्यकाळातली. निवृत्तीनंतर सुमारे सहा महिन्यांनी, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात मोटार चालवत असताना खलिस्तानवादी मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. युद्धांतून सुखरूप परतलेला सेनानी घराजवळच्या रस्त्यावर मारला गेला.